पदर उलटून बघा

गेल्या दिवाळीत सान अँटोनिओतल्या एका मराठी घरी आम्ही पंचवीसेक जण फराळाला जमलो होतो. टेक्सासच्या या भागातल्या माणसाला मेक्सिको लांब वाटत नाही. जोडून सुट्ट्या आल्या की कोणी ना कोणी जाऊन येतं. यजमान नुकतेच दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाकाहून परतले होते आणि चकलीच्या डब्याशेजारी त्यांनी तिथून आणलेला एक लाकडी आर्मडिलो ठेवला होता. आर्मडिलो म्हणजे पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं कवच असलेला प्राणी. वीतभर लांब, पाठीच्या प्रत्येक पट्ट्यावर निळ्या-केशरी रंगाचे मोहरीएवढे ठिपके. “आठशे पेसो सांगत होता, साडेतीनशेला आणला,” ते म्हणाले, आणि निम्म्या खोलीने वाहवा केली. एका वहिनींना ते सहन झालं नाही. “गरिबाच्या पोटावर पाय देऊन काय मिळवलंत, भाऊजी?” त्यावर कोपऱ्यातले एक काका म्हणाले, “कसला गरीब आणि कसला कारागीर! हे सगळं चीनमधून कंटेनरने येतं. साडेतीनशेही जास्तच झाले.” पुढे तासभर हा वाद चालला. चहा झाला, दुसऱ्यांदा चिवडा फिरला, आवाज चढले. त्या तासाभरात आर्मडिलो मात्र कोणी हातात घेतला नाही.

मला याचं फार वाईट वाटलं. त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक बाईने आयुष्यात कधी तरी पैठणीचा पदर उलटून मागची बाजू पाहिलेली आहे. हातमागाची खरी पैठणी मागूनही पुढच्याइतकीच नीटस दिसते, मागे सुट्या धाग्यांचं जंजाळ लोंबत असेल तर दुकानदार काहीही सांगो, आपण समजून जातो. हे आपल्याला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही, आईने आणि आत्याने शिकवलं. आधी पदर, मग भाव. मग हीच माणसं देशाबाहेरच्या बाजारात गेल्यावर पहिला प्रश्न “कितीला?” असा कसा विचारतात? माझं म्हणणं एवढंच आहे की मेक्सिकोत, किंवा कुठेही, वस्तू विकत घेताना भाव करावा की करू नये हा दुसरा प्रश्न आहे. हे कोणी केलं, कशाचं केलं आणि करायला किती दिवस लागले, हा पहिला. पहिल्याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याला घासाघीस करण्याचा हक्क नाही, आणि घासाघीस न केल्याचं पुण्यही त्याच्या पदरी पडत नाही.

घासाघीस करणाऱ्यांची बाजू हलकी नाही, हे मला आधी मान्य करू द्या. मेक्सिकोतल्या आठवडी बाजाराला तिआंगीस म्हणतात. शब्द नाउआत्ल भाषेतून आलेला, म्हणजे बाजार स्पॅनिश लोकांच्या आधीपासूनचा. १५१९ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेसबरोबर आलेले शिपाई त्लातेलोल्कोचा बाजार पाहून थक्क झाले होते. या बाजारात विकणारी बाई गिऱ्हाइकाला ‘मार्चान्ता’ म्हणते आणि गिऱ्हाईकही तिला तीच हाक मारतं. सौदा जमला की वर थोडं काहीतरी पडतं, त्याला ‘पिलोन’ म्हणतात; आपली भाजीवाली मावशी पिशवीत चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकते तसंच. सकाळची पहिली विक्री झाली की हातात आलेल्या पैशानेच छातीवर क्रूस काढायची रीत आहे. त्लाकोलूलाच्या रविवारच्या बाजारात एका म्हातारीला मी हे करताना पाहिलं, तेव्हा भवानी झाल्यावर नोट कपाळाला लावणारी मंडईतली माणसं माझ्या डोळ्यांपुढे आली. अशा ठिकाणी भावाचं बोलणं हे नातं जोडायचं बोलणं असतं. सांगितली ती किंमत मोजून मुकाट्याने चालू लागणं हा काही मोठा सन्मान नव्हे, कधी कधी तो बोलायलाच दिलेला नकार असतो. शिवाय परदेशी चेहरा दिसला की आकडा चढतो, हेही खरं आहे. आणि पुण्या-नाशिकहून रुपये साठवून आलेल्या शिक्षिकेला डॉलरवाल्यांच्या रांगेत उभं करून “तुम्हाला काय कमी आहे” म्हणणं अन्यायाचं आहे.

हे सगळं मान्य. पण मंडईत आपण घासाघीस करतो ती कशाच्या जोरावर? मेथीची जुडी आज कितीला आहे, पावसात ती का महागते, कोणती जुडी कालची आहे, हे आपल्याला माहीत असतं. विकणारीलाही माहीत असतं की आपल्याला माहीत आहे. दोघं एकाच जमिनीवर उभे असतात. वाहाकाच्या चौकात ती जमीन आपल्या पायाखाली नसते. आपण आठशेचे चारशे म्हणतो ते कशाच्या निम्मे? ज्या आकड्याची घडण आपल्याला ठाऊक नाही त्याचा निम्मा आकडा म्हणजे समोरच्याच्या गरजेचा अंदाज, दुसरं काही नाही. संध्याकाळ झालेली असते, परतीची बस निघायची असते, दिवसभरात काही खपलेलं नसतं, म्हणून तो हो म्हणतो. त्याच्या ‘हो’ला आपण आपलं कसब समजतो.

त्या आर्मडिलोचाच हिशोब मांडू. मेक्सिकोत २०२५ साली दिवसाची किमान मजुरी २७८.८० पेसो होती. उत्तर सीमेलगतचा पट्टा सोडला तर देशभर हीच. एका पेसोचे आपले साडेचार-पाच रुपये धरा. समजा, तो प्राणी कोरायला एक दिवस आणि ते मोहरीएवढे ठिपके द्यायला तीन दिवस लागले. चार दिवसांची किमान मजुरी झाली अकराशे पंधरा पेसो. लाकूड, रंग, वाळवणीचे आठवडे, गावाहून शहरापर्यंतचा प्रवास वेगळा. म्हणजे वस्तू हाताची असेल तर आठशे हीच मुळात पडलेली किंमत होती. आणि ती हाताची नसेल, साच्यात राळ ओतून काढलेली आणि वर फटाफट रंगवलेली असेल, तर साडेतीनशेसुद्धा जास्त. दोन्ही बाजूंनी बघा, निम्म्यावर आणण्यात जिंकलं काय? वस्तू कोणती आहे हे ठरल्याशिवाय त्या सौद्याला काही अर्थच नव्हता.

आता वहिनींची बाजू. तिच्यामागे चांगुलपणा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. सातासमुद्रापार फिरायला आलेल्या माणसाने पन्नास पेसोंसाठी एका विणकरणीशी हुज्जत घालावी, हे दृश्य खरोखर बघवत नाही. पण त्या चांगुलपणात दोन खोट आहेत. पहिली अशी की समोर बसलेला माणूस कारागीर आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. मेक्सिको सिटीतल्या ला सिउदादेला बाजारात, कानकूनच्या हॉटेलांच्या रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर तुम्हाला भेटतो तो बहुतेक वेळा व्यापारी असतो. व्यापार हा प्रामाणिक धंदा आहे, त्यात कमीपणा काही नाही, पण त्याला मोजलेले जास्तीचे दोनशे पेसो चियापास राज्याच्या डोंगरातल्या विणकरणीपर्यंत पोचतात असं मानायला आधार काय? तिला तिचे पैसे केव्हाच मिळालेले असतात, आणि तिचा भाव तुमच्या उदारपणाने नव्हे, व्यापाऱ्याच्या घासाघिशीने ठरलेला असतो. दुसरी खोट मला जास्त बोचते. “गरीब बिचारा” म्हणून दिलेला पूर्ण भाव हा कामाचा भाव नसतो, ती भीक असते. ज्याने पंचवीस वर्षं हात घडवला त्याला त्याच्या गरिबीचे पैसे नको असतात. त्याची इच्छा असते की समोरच्याने वस्तू उचलावी, उजेडात फिरवावी आणि ‘ही वळणाची रेघ एका दमात काढलीत का?’ असं विचारावं.

कोपऱ्यातल्या काकांचं काय करायचं? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पर्यटकांच्या बाजारात बाहेरून आलेला यंत्राचा माल भरपूर असतो, हे मेक्सिकोतले कारागीरच सर्वांत आधी सांगतात. मी स्वतः पहिल्या खेपेला ‘हातमागाचा रेबोसो’ म्हणून घेतलेली ओढणी घरी आल्यावर निव्वळ ॲक्रिलिक निघाली. पण ‘बाजारात खोटं पुष्कळ आहे’ यावरून ‘खरं काहीच नाही’ हे सिद्ध होत नाही. येवल्याच्या पैठणीच्या शेजारच्याच दुकानात यंत्रमागाच्या नकला लटकतात, म्हणून येवल्याचे माग बंद पडले असं आपण म्हणतो का? उलट नकला निघतात त्या मोल असलेल्या गोष्टीच्याच. काकांचा संशय त्यांना माल तपासायला लावत असता तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. त्यांचा संशय त्यांना तपासण्याच्या कष्टातून सुटका देतो, आणि तिथे मला त्यांच्याशी भांडायचं आहे.

याच बाजूची आणखी एक सुशिक्षित तऱ्हा आहे. “हे पर्यटकांसाठी केलेलं आहे, खरं पारंपरिक नाही,” असं म्हणणारी. ती ऐकायला भारदस्त वाटते, म्हणून तिच्याकडे जरा नीट बघू. वाहाकातले रंगीत लाकडी प्राणी, ज्यांना आलेब्रीहे म्हणतात, ते किती जुने? नाव आणि कल्पना मेक्सिको सिटीतल्या पेद्रो लिनारेस या कागदाच्या लगद्यात काम करणाऱ्या कारागिराची. १९३६ साली आजारात पडलेल्या स्वप्नात त्याला हे विचित्र प्राणी दिसले, असं तो सांगत असे. लाकडातलं काम आरासोला गावच्या मानुएल हिमेनेस यांच्यापासून बहरलं. सान बार्तोलो कोयोतेपेकची चकचकीत काळी मडकी? तिथली मूळची मडकी राखाडी, निस्तेज आणि दणकट. पाणी आणि मेस्काल ही तिथली दारू भरायच्या कामाची. भाजण्याआधी दगडाने घोटली आणि भट्टी लवकर थांबवली की ती काळीभोर चमकतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन्या रोसा या कुंभारणीला सापडलं. चमक आली, पण पाणी धरायची ताकद गेली, म्हणून ती आज शोभेची. झाडाच्या सालीपासून केलेल्या आमाते कागदावरची झगझगीत पक्षी-फुलांची चित्रं १९६०च्या दशकातली: कागद पुएब्ला राज्यातल्या सान पाब्लितोच्या ओतोमी लोकांचा, चित्रं गेर्रेरोच्या नाउआ चित्रकारांची. म्हणजे पारंपरिक म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांतल्या कित्येक कला आपल्या आजी-आजोबांच्या वयाच्या आहेत.

म्हणून त्या खोट्या ठरतात का? मग जिव्या सोमा मशे यांचं काय करायचं? वारली चित्रं पूर्वी लग्नकार्यात भिंतीवर काढली जात, काढणाऱ्या बायका असत. १९७०च्या दशकात मशे ती कागदावर आणि कापडावर काढू लागले, लग्नाच्या चौकाबाहेरचे विषय रंगवू लागले, आणि वारली चित्र जगभर गेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कोणी म्हटलं नाही की हे अस्सल नव्हे. पुएब्लाची निळी-पांढरी तालावेरा घ्या. कथलाच्या झिलईचं तंत्र अरबांकडून स्पेनमार्गे आलं, निळ्या नक्षीची ओढ मनिलाहून आकापुल्कोला येणाऱ्या जहाजांतल्या चिनी भांड्यांमुळे लागली, माती मेक्सिकोची. याच जहाजांच्या मार्गाने सतराव्या शतकात हिंदुस्थानातून पळवून आणलेली एक मुलगी पुएब्लात गुलाम म्हणून पोचली आणि कातारिना दे सान हुआन नावाने तिथेच १६८८ मध्ये मरण पावली. मेक्सिकन शेतकरी गळ्यात बांधतो त्या ‘पालियाकाते’ रुमालाचं नावही कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पुलिकत बंदरावरून आल्याचं मानलं जातं. शुद्ध, अस्पर्श, अनादि काळापासूनची वस्तू शोधायला निघालात तर मेक्सिकोतच काय, जगातल्या कोणत्याच बाजारात ती सापडणार नाही. खरेपणा वस्तूच्या वयात शोधायचाच नसतो. तो हातात आणि शब्दात असतो: जे सांगून विकलं ते तेच आहे का, आणि ज्याने केलं त्याला त्याचं मिळालं का?

पुएब्लाच्या कुंभारांना हे साडेतीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. १६५३ साली त्यांच्या संघाने नियम बांधले. भांड्यांच्या प्रती ठरवल्या आणि उस्तादाने आपल्या मालावर खूण करावी असं घातलं, कारण नकला तेव्हाही होत होत्या. आज तालावेरा नावाला कायद्याचं संरक्षण आहे. प्रमाणित कार्यशाळाच ते नाव लावू शकतात. म्हणून दोलोरेस इदाल्गो शहरात हजारोंनी बनणारी तशाच रंगाढंगाची भांडी टाकाऊ आहेत का? नाही. तीही मेक्सिकन माणसांनीच केलेली, त्यांचीही चूल त्यावर पेटते, आणि स्वस्त आहेत म्हणून सामान्य घरात जातात. ती ‘तालावेरासारखी’ म्हणून विकली तर आनंदाने घ्या. तालावेरा म्हणून विकली तर घेऊ नका. माझा राग स्वस्ताईवर नाही, खोट्या नावावर आहे. पापांतलाच्या तोतोनाक लोकांची व्हॅनिला म्हणजे वेलीवरच्या फुलाला हाताने परागण करून, महिनोनमहिने उन्हात आणि घामात मुरवलेली शेंग. ती बादलीच्या भावात मिळूच शकत नाही. तरी सीमेपलीकडून आपले लोक लिटरभराची ‘अस्सल मेक्सिकन व्हॅनिला’ तीन-तीन बाटल्या आणतात. ती बहुधा कृत्रिम अर्काची असते, आणि काहींत कुमारिन हे अपायकारक द्रव्य सापडल्याने अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने तिच्याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. जुन्या पद्धतीच्या झिलईच्या मातीच्या भांड्यांत शिसं असू शकतं, म्हणून त्यात आमटी-सार करायचं असेल तर ‘सिन प्लोमो’, म्हणजे बिनशिशाचं, हे विचारून घ्यावं. भाव पाडण्यात जितका वेळ घालवतो त्याच्या दशांश वेळ या एका प्रश्नाला पुरतो.

काम बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे सांगितल्याशिवाय माझं बोलणं कोरडं राहील, म्हणून कापडापाशी थोडी थांबते. चियापासच्या डोंगराळ गावांत बायका आजही कमरेला पट्टा बांधून विणतात. मागाचं एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरं स्वतःच्या कमरेला. ताण्याचा ताण तिच्या पाठीच्या झुकण्यावर राहतो. या मागावरच्या कापडाची रुंदी तिचे हात पोचतील तेवढीच. म्हणून वीपील हा अंगरखा दोन-तीन पट्टे जोडून केलेला असतो, आणि तो जोड लपवायचा नसतो, त्यावर टाके घालून तो मिरवायचा असतो. कापडाला चारही बाजूंनी काठ असतो, कात्रीने कापलेली कडा नसते. सान आंद्रेस लाराइन्सारची नक्षी वरून भरलेली नसते, विणतानाच रंगीत लोकर बोटांनी ताण्यात सरकवून भरलेली असते. उलटून बघा: यंत्राच्या भरतकामात मागे खालच्या दोऱ्याची एकसारखी जाळी दिसते, हाताच्या कामात प्रत्येक रंग कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला ते वाचता येतं. आपल्या आत्या हेच करत होत्या ना? आता हिशोब. असा एक भरगच्च वीपील चूल, मुलं, शेत सांभाळून महिन्यांमागून महिने चालतो. त्यातले निव्वळ विणण्याचे चाळीस दिवस धरले तरी किमान मजुरीने अकरा हजार एकशे बावन्न पेसो होतात. आपले पन्नास हजारांच्या वर. रस्त्यावर कोणी ‘हातमागाचा’ म्हणून पाचशे पेसोंना देत असेल तर दोनच शक्यता उरतात, आणि दोन्हीही आनंद मानण्यासारख्या नाहीत.

वाहाकाजवळच्या तेओतित्लान देल वायेत गालिचे विणतात. माग आणि मेंढी स्पॅनिशांनी आणली, विणकर सापोतेक, लाल रंग निवडुंगावरच्या कोचिनियल किड्याचा. घराघरांत तुम्हाला प्रात्यक्षिक दाखवतात: वाळलेला किडा तळहातावर चुरडला की गडद लाल, लिंबू पिळलं की केशरी, खार टाकला की जांभळा. मी ते तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा अंगावर काटा आला. चांदीखालोखाल या किड्याने स्पेनची तिजोरी भरली होती. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासकडे निवडुंग लावून तो वाढवायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे एकोणिसाव्या शतकात रासायनिक रंग आले आणि या किड्याचा बाजार बसला, जसा जर्मन नीळ आल्यावर आपल्याकडच्या निळीचा बसला. आज त्या रंगाला पुन्हा मागणी आली, तिच्यात समजून घेणाऱ्या गिऱ्हाइकांचा वाटा मोठा आहे. पण प्रात्यक्षिक पाहिलं म्हणून समोरचा प्रत्येक गालिचा त्याच रंगाचा आहे असं धरू नका. विचारा. मी विचारलं तेव्हा एका विणकराने ढिगातून तीन गालिचे बाजूला काढले आणि म्हणाला, हे किड्याचे, बाकीचे डब्यातल्या रंगाचे, म्हणून भावही वेगळा. त्या माणसाकडे माझ्याच्याने घासाघीस झाली नाही, आणि करावीशीही वाटली नाही.

कोणी म्हणेल, एवढं सगळं चार दिवसांच्या सहलीत कोण बघणार? बरोबर मुलं असतात, बस सुटणार असते, आणि गाइड कमिशनच्या दुकानात नेऊन सोडतो. ही अडचण खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. पण वेळ कमी असला तर वस्तू कमी घ्याव्यात. ऑफिससाठी बारा, सोसायटीसाठी आठ, बहिणींसाठी सहा असा हिशोब घेऊन बाजारात उतरलं की कारागीर आपोआप बाहेर फेकला जातो, कारण सव्वीस नग एका भावात तो देऊच शकत नाही. त्यांच्यासाठी वाहाकाचं चॉकलेट न्या, कॉफी न्या, मोले या मसालेदार रश्शाची पेस्ट न्या. आणि एक वस्तू, लहानशी का होईना, बघून, विचारून, पूर्ण भावाने घ्या. मेक्सिको सिटीत सरकारी फोनार्तची दुकानं आहेत, ही संस्था १९७४ पासून कारागिरांचा माल ठरलेल्या भावाने विकते. सान क्रिस्तोबाल दे लास कासासमध्ये सांतो दोमिंगोच्या जुन्या मठात विणकर बायकांच्या सहकारी संस्थेचं दुकान आहे. अर्धा तास तिथे काढला तरी डोळ्याला माप मिळतं, मग बाहेरच्या रस्त्यावर काय उचलायचं ते कळतं. ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांनी काही घेऊ नये, त्यात काही बिघडत नाही.

हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो त्यामागे एक जवळचं कारण आहे. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. उठायलाच हवं होतं, आणि उठलो म्हणून त्या कंपनीला या चपलांचं भारतीय मूळ मान्य करावं लागलं. मेक्सिको हेच दुखणं आपल्याआधी भोगतो आहे. २०१५ मध्ये वाहाकाच्या मिहे लोकांचा ब्लाउज पॅरिसच्या एका फॅशन कंपनीच्या संग्रहात निघाला. २०१९ मध्ये कारोलिना हेरेरा या फॅशन कंपनीच्या कपड्यांवर तेनांगोची भरतनक्षी आली, तेव्हा देशाच्या संस्कृतिमंत्र्यांनी जाहीर पत्र लिहून जाब विचारला. जानेवारी २०२२ मध्ये मूलनिवासी समाजांच्या नक्षीवर त्या समाजांचा सामूहिक हक्क मानणारा कायदा आला. मिलानमधल्या कंपनीने नाव घेतलं नाही याचा आपल्याला संताप येतो. मग आपण कोणाचं नाव विचारतो? कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये उभं राहून किती जणांनी विचारलंय की हा जोड कोणत्या गावच्या कोणी शिवला? १८७७च्या दिल्ली दरबाराला पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, हाताने कातलेल्या सुताची खादी घालून गेले, ते खादी स्वस्त किंवा सुंदर होती म्हणून नव्हे. अंगावरचं कापड कोणाच्या हातून आलं हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांना साऱ्या दरबाराला दाखवायचं होतं. ज्या मातीत हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला तिथली माणसं आज वाहाकाच्या चौकात फक्त “कितीला?” विचारून परततात, हे मला पटत नाही.

त्या रात्री सगळे पांगल्यावर मी आर्मडिलो उचलला. हलका होता, कोपालचं लाकूड वाळल्यावर असतं तसा. पोटाशी केसाएवढी एक चीर होती, लाकूड सुकताना पडलेली, आणि तिच्यात भरलेल्या लांबीवरूनही ठिपक्यांची ओळ न चुकता पुढे गेली होती. शेपटीखाली काळ्या शाईत एका पुरुषाचं नाव आणि सान मार्तीन तिल्काहेते गावाचं नाव होतं. मी यजमानांना सांगितलं की वस्तू हाताची आहे, आणि या गावात बहुतेक घरांत पुरुष कोरतात, बायका-मुली रंगवतात, नाव मात्र बरेचदा कोरणाऱ्याचंच लागतं. ते बराच वेळ ते ठिपके बघत राहिले. मग त्यांनी बायकोला हाक मारून चष्मा मागवला आणि दिव्याखाली धरून एका पट्ट्यावरचे ठिपके मोजायला लागले.